साहिबसिंग सोखे

मेजर जनरल सर साहिबसिंग सोखे (१५ डिसेंबर १८८७, अमृतसर – २३ ऑक्टोबर १९७१) हे भारतीय लष्करी वैद्य, जीवरसायनशास्त्रज्ञ आणि मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक होते. प्लेगच्या लसीची व औषधांची परिणामकारकता प्रयोगशाळेतील उंदरांवर मोजून ठरवण्याची पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. सल्फा गटातील औषधे प्लेगवर चालतात का, याची तपासणी त्यांनी आधी उंदरांवर व नंतर रुग्णांवर केली. औषधे देशातच तयार झाली पाहिजेत आणि औषधांवर कोणाचीही पेटंटची मक्तेदारी असू नये, या भूमिकेसाठीही ते ओळखले जातात. प्रसिद्ध कथक नर्तिका मादाम मेनका या त्यांच्या पत्नी होत.

सुरुवातीचे जीवन

सोखे यांचा जन्म पंजाबात अमृतसर येथे झाला. लाहोर येथील शिक्षणानंतर त्यांनी एडिनबरा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी मिळवली आणि १९१३ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करी वैद्यकीय सेवेत, दाखल झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून काम केले. युद्धानंतर मात्र त्यांचा ओढा रुग्णसेवेपेक्षा प्रयोगशाळेकडे अधिक राहिला. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी परदेशात जीवरसायनशास्त्राचे प्रगत शिक्षण घेतले.

त्यांच्या विद्यार्थिदशेचा काळ हा हिंदुस्थानातील प्लेगचा सर्वांत भीषण काळ होता. १९०७ साली प्लेगने सर्वाधिक बळी घेतले ते पंजाबातच. त्याआधी १९०२ मध्ये त्याच प्रांतातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला होता. लसीचे जनक वाल्देमार हाफकिन यांच्यावर ठपका ठेवण्यात आला. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेत नसून गावात बाटली उघडतानाच्या हलगर्जीत होता, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. औषध किंवा लस लोकांना देण्यापूर्वी तिची कसून तपासणी होणे किती महत्त्वाचे आहे, हे या प्रकरणाने देशभर ठसवले होते. सोखे यांचे पुढचे बहुतेक आयुष्य याच तपासणीच्या प्रश्नात गेले.

पार्श्वभूमी : प्लेग आणि परळची प्रयोगशाळा

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पाहता पाहता साथ पसरली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्लेग आयुक्त रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द गाव रिकामे करायला पुरेसे असत. घरात मेलेला उंदीर दिसला की लोक गुरेढोरे, धान्य घेऊन माळावर किंवा शेतात खोपटी उभारून राहत आणि साथ ओसरल्यावरच परत येत. १८९६ पासूनच्या पाच दशकांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. गाठीच्या प्लेगमध्ये उपचार न मिळालेल्या रुग्णांपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक दगावत.

हाफकिन यांनी मुंबईत येऊन लस तयार केली, ती आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. जंतू वाढवण्यासाठी ते मटणाचा रस वापरीत व त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. तुपाच्या त्या थेंबांखाली जंतूंचे लोंबते धागे वाढत. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलवली गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. याच प्रयोगशाळेशी संबंधित असलेल्या ग्लेन लिस्टन यांनी १९०३ च्या सुमारास मेलेले उंदीर सापडलेल्या घरांत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा गोळा केल्या. त्या उंदरांवरच्या पिसवा होत्या आणि त्यांच्यात प्लेगचे जंतू होते. उंदीर मेला की भुकेली पिसू माणसाकडे वळते, हा दुवा अशा रीतीने गिनीपिगच्या मदतीने उलगडला.

थोडक्यात, सोखे १९२५ मध्ये साहाय्यक संचालक म्हणून परळला आले तेव्हा रोगाचा जंतू ठाऊक होता, वाहक ठाऊक होता, लसही होती. नव्हता तो रोग झाल्यावर द्यायचा खात्रीचा उपचार. आणि लसीच्या एका खेपेची ताकद दुसऱ्या खेपेइतकीच आहे की नाही, हे सांगणारे विश्वासार्ह मापही नव्हते.

उंदरांवरील मोजमाप

१९३२ मध्ये सोखे संस्थेचे संचालक झाले आणि १९४० च्या दशकाच्या अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. प्लेगवरील त्यांची प्रायोगिक निबंधमाला १९३९ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिचा आरंभच मुळी मोजमापाच्या प्रश्नाने होतो : प्लेगच्या एखाद्या जंतुवाणाची मारकता आकड्यात कशी सांगावी, आणि एखाद्या लसीची किंवा रक्तलसीची संरक्षक शक्ती आकड्यात कशी सांगावी?

वरवर पाहता हा प्रश्न रुक्ष वाटतो. पण त्याआधी काय होत असे हे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. चार-सहा प्राणी घ्यावेत, त्यांना जंतू टोचावेत, औषध द्यावे आणि किती जगले ते पाहावे, अशी रीत होती. त्यात जंतूंची मात्रा थोडी असली तर निरुपयोगी औषधही गुणकारी दिसे आणि ती फार असली तर चांगले औषधही कुचकामी ठरे. परळच्या पद्धतीत पांढऱ्या उंदरांचे गट करून प्रत्येक गटाला चढत्या क्रमाने जंतूंची मात्रा दिली जाई. किती जंतूंनी किती उंदीर मरतात हे आधी पक्के केले जाई. मगच संरक्षित आणि असंरक्षित गटांची तुलना होई. ज्यांना काहीच संरक्षण दिलेले नाही असा गट प्रत्येक प्रयोगात सोबत ठेवणे हा या पद्धतीचा कणा होता. आज शाळकरी विद्यार्थ्यालाही तुलनागटाची कल्पना ठाऊक असते, परंतु त्या काळी बाजारात विकली जाणारी कितीतरी औषधे अशा कसोटीवर कधीच घासली गेलेली नव्हती.

प्राणी कोणता निवडायचा, हा दुसरा प्रश्न. सोखे आणि चित्रे यांनी १९३७ मध्ये भारतातील निरनिराळ्या शहरांतील रानटी उंदरांवर केलेला अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. मुंबईसारख्या, प्लेगने वर्षानुवर्षे झोडपलेल्या शहरातील उंदीर प्लेगच्या जंतूंना मोठ्या प्रमाणात दाद देत नव्हते, तर प्लेगपासून बव्हंशी दूर राहिलेल्या मद्रासचे उंदीर सहज बळी पडत होते. साथीमागून साथ येत गेली तसे दुबळे उंदीर मरून गेले व चिवट उंदरांची संतती शिल्लक राहिली, असा याचा अर्थ लावला जातो. हेच कारण मुंबईतील साथी पुढे मंदावण्यामागेही असावे असे अभ्यासक मानतात. प्रयोगशाळेच्या दृष्टीने यातून निघणारा धडा निराळा होता. मुंबईच्या गोदीतला उंदीर पकडून त्याच्यावर औषध तपासले, तर उंदीर औषधाने वाचला की आजोबा-पणजोबांकडून आलेल्या चिवटपणाने, हे सांगता येणार नाही. म्हणून संस्थेत पैदास केलेले, एकसारखे, प्लेगला सहज बळी पडणारे पांढरे उंदीर हवेत.

प्राणी बदलला की उत्तर बदलते, ही अडचण केवळ प्लेगपुरती नाही. आजही मधल्या कानाच्या संसर्गावर प्रतिजैविकांचा परिणाम अभ्यासताना बऱ्याचदा चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील छोटा प्राणी वापरतात. त्याच्या मधल्या कानाची पोकळी मोठी असल्याने तिथून द्रव काढून जंतू व औषध दोन्ही मोजता येतात, त्याची श्रवणशक्ती माणसाच्या श्रवणशक्तीशी पुष्कळशी मिळतीजुळती आहे, आणि लहान मुलांच्या कानात ठणका उठवणारा न्युमोकोकस हा जंतू त्याच्याही कानात तसाच रोग निर्माण करतो. रोग माणसासारखा होणारा प्राणी शोधणे हे अशा संशोधनात अर्धे काम असते.

सल्फा औषधे आणि प्लेग

१९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याने जंतुबाधित उंदीर वाचतात, असे प्रसिद्ध केले. या शोधातील एक बाब प्राण्यांवरील प्रयोगांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. प्रोन्टोसिल काचेच्या नळीत जंतूंवर काहीच परिणाम करीत नसे. सजीवाच्या शरीरात त्याचे विघटन होऊन सल्फानिलमाइड मोकळे होते आणि तेच काम करते, हे त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडले. केवळ नळीतल्या चाचणीवर विसंबले असते तर ते द्रव्य टाकून दिले गेले असते. पाठोपाठ सल्फापिरिडीन आणि सल्फाथायाझोल ही अधिक प्रभावी औषधे आली.

ही औषधे प्लेगवर चालतील का, हा प्रश्न हिंदुस्थानच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा होता आणि त्याचे उत्तर शोधायला लागणारी साधने परळला तयार होती : मारकता मोजलेले जंतू आणि एकसारखे उंदीर. सोखे यांच्यासोबत हे काम करणारे भालचंद्र बाबाजी दीक्षित हे मराठी शरीरक्रियाशास्त्रज्ञ पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. दोघांचा शोधनिबंध १९४० मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. जंतू टोचल्यानंतर सल्फापिरिडीन किंवा सल्फाथायाझोल दिलेले उंदीर मोठ्या प्रमाणात वाचतात, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलिनने उंदीर वाचल्याचे जाहीर केले. फ्लोरी यांच्या २५ मे १९४० च्या पहिल्या प्रयोगात आठ उंदीर होते : औषध न दिलेले चारही रात्रीतून मेले, दिलेले तग धरून राहिले. जगाने ऑक्सफर्डचे उंदीर लक्षात ठेवले, परळचे विसरले. प्लेगच्या जंतूवर पेनिसिलिन चालत नाही, ही गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. प्लेगच्या रुग्णाला त्या वर्षी आशा होती ती सल्फा औषधांची.

उंदीर वाचला म्हणून माणूस वाचेलच असे नाही. उंदराला जंतू कधी टोचले हे घड्याळ लावून ठाऊक असते, आणि औषध त्या हिशेबाने सुरू करता येते. खेड्यातला रुग्ण मात्र जांघेत किंवा काखेत गाठ आल्यावर, तापाने फणफणून, दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात पोचतो. तोवर जंतू रक्तात उतरलेले असतात आणि त्यांचे विषही. म्हणून पुढची पायरी रुग्णांवरील चाचणीची होती. पी. एम. वागळे, सोखे, दीक्षित आणि रसायनशास्त्रज्ञ के. गणपती यांनी मिळून प्लेगच्या रुग्णांवर या औषधांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये त्याचे निष्कर्ष 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये प्रसिद्ध केले. सल्फा औषधांनी मृत्यूचे प्रमाण खाली आणता येते, हे यातून पुढे आले. गणपती यांनी संस्थेत सल्फा गटातील अनेक संयुगे तयार केली. परदेशी गोळीवर अवलंबून न राहता ती येथेच बनवण्याचे रसायनशास्त्र संस्थेला अवगत झाले, हे या सहकार्याचे दुसरे फळ होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन आले आणि त्यापुढे सल्फा औषधे मागे पडली. पुढे टेट्रासायक्लिनही उपयोगी ठरले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले तेव्हा बीड आणि गंगाखेडसारख्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गावांत जुन्या पिढीला माळावरची खोपटी आठवली असतील, पण उपचार आता औषधाच्या दुकानात मिळण्याजोगा होता.

लसीच्या कामातही संस्थेने या काळात महत्त्वाचा बदल केला. मटणाच्या रसाऐवजी दुधातील केसीन या प्रथिनाचे आम्लाने विघटन करून त्यावर जंतू वाढवण्याची पद्धत परळला बसवण्यात आली. सोखे, हब्बू आणि भरुचा यांनी १९५० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तिचे वर्णन केले. ही लस मांसविरहित, स्वस्त आणि प्रत्येक खेपेला सारखी उतरणारी होती.

आरोग्य नियोजन व औषधनिर्मिती

१९३८ मध्ये काँग्रेसने जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या राष्ट्रीय आरोग्य उपसमितीचे अध्यक्षपद सोखे यांच्याकडे आले. सरकारी लष्करी सेवेतील अधिकाऱ्याने काँग्रेसच्या समितीचे काम करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. दर हजार लोकसंख्येमागे थोडक्या महिन्यांत प्रशिक्षण दिलेला एक आरोग्यसेवक असावा, अशी शिफारस या उपसमितीने केली. गावातलाच माणूस शिकवून गावाला देण्याची ही कल्पना पुढे अनेक सरकारी योजनांत निरनिराळ्या नावांनी परत परत आली. औषधांच्या बाबतीत उपसमितीची भूमिका अधिक टोकाची होती : माणसांच्या वा जनावरांच्या उपचारासाठी उपयोगी पडणाऱ्या कोणत्याही द्रव्यावर कोणालाही पेटंट देऊ नये.

ही भूमिका निव्वळ राजकीय नव्हती, तिची मुळे परळच्या अनुभवात होती. औषध गुणकारी आहे हे उंदरांवर सिद्ध झाले, रुग्णांवर सिद्ध झाले, ते बनवण्याची रीतही हाताशी आली, तरी त्याची किंमत आणि हक्क सातासमुद्रापारच्या कंपनीच्या हातात असतील तर खेड्यातल्या रुग्णाला त्याचा काय उपयोग, असा तो प्रश्न होता. टीकाकारांचे म्हणणे असे की पेटंटचे संरक्षण नसेल तर नव्या औषधांच्या शोधावर कोणी पैसा घालणार नाही. हा वाद आजही मिटलेला नाही.

१९५० च्या सुमारास सोखे जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्यक महासंचालक झाले. १९५२ ते १९५६ या काळात ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. प्रतिजैविके देशात, सरकारी मालकीच्या कारखान्यात, तयार व्हावीत असा त्यांचा आग्रह या वर्षांत कायम होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा देशातील हा पहिला कारखाना. पिंपरीच्या आजच्या औद्योगिक पसाऱ्यातील हा आरंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक होय.

सोव्हिएत संघाने त्यांना १९५३ मध्ये स्टालिन शांतता पारितोषिक दिले. ब्रिटिश सरकारचा 'सर' हा किताब आणि मॉस्कोचे पारितोषिक, दोन्ही मिळालेली माणसे थोडी. त्यांच्या विरोधकांनी त्यांना डाव्या विचारांचे ठरवले. त्यांनीही ते फारसे नाकारले नाही.

कौटुंबिक जीवन

सोखे यांच्या पत्नी लीला रॉय या मूळच्या पूर्व बंगालमधील बारिसालच्या. मेनका या नावाने त्यांनी कथक नृत्य कोठ्यावरून रंगमंचावर आणले आणि १९३० च्या दशकात आपल्या नृत्यमंडळासह युरोपचा मोठा दौरा केला. त्यात १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या नृत्यमहोत्सवाचाही समावेश होता. पुढे त्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. मुंबईत जन्मलेल्या नर्तिका दमयंती जोशी सोखे दांपत्याच्या घरीच वाढल्या. मेनकाबाईंनी त्यांना मुलीसारखे सांभाळले आणि त्या लहान वयातच त्यांच्यासोबत युरोपात नाचल्या. कलेच्या इतिहासात सोखे यांचे नाव बहुधा मेनकाबाईंचे पती म्हणूनच येते. १९४७ मध्ये मेनकाबाईंचे निधन झाले.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतरही सोखे औषध उद्योग आणि पेटंट यांविषयी सातत्याने लिहीत व बोलत राहिले. १९७० मध्ये संसदेने नवा पेटंट कायदा संमत केला. औषध या वस्तूवर पेटंट न देता केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवरच मर्यादित काळासाठी पेटंट द्यावे, अशी तरतूद त्यात होती. उपसमितीने मागितले होते तेवढे त्यात नव्हते, तरी बरेचसे होते. २३ ऑक्टोबर १९७१ रोजी सोखे यांचे निधन झाले. कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो त्यानंतर सहा महिन्यांनी, एप्रिल १९७२ मध्ये.